नकाशावरील वर्गवारी: दांडिया बाजारातील पोळीभाजी केंद्र आणि लेस्टरमधील स्वयंपाकघर

गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करताना नाव, पत्ता, फोन आणि कामाच्या वेळा भरण्यात दुकानदार जेवढे लक्ष घालतात, त्याच्या निम्मेही लक्ष ते वर्गवारीच्या चौकटीकडे देत नाहीत. वास्तविक दुकानाचे नाव ठाऊक नसलेले गिऱ्हाईक जवळपासचा शिंपी किंवा घरगुती जेवणाचा डबा शोधू लागते, तेव्हा त्याच्यासमोर आपले दुकान यावे की नाही हे ठरण्यात या एका चौकटीचा वाटा फार मोठा असतो. म्हणून ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ या सेवेच्या इतर गुणदोषांना बाजूला ठेवून केवळ वर्गवारी निवडण्याच्या सोयीचे परीक्षण येथे करावयाचे आहे. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा आणि मांडवी या भागांतील लहान व्यावसायिकांच्या नोंदी लावून देण्याचे काम मी करतो. येथील बहुतेक घरांतले कोणी ना कोणी ब्रिटनमधील लेस्टर, न्यू जर्सी, टोरांटो किंवा ऑकलंडला स्थायिक झालेले असल्यामुळे, बडोद्याची नोंद मार्गी लागली की तेथे निघालेल्या शाखेची किंवा भाच्याच्या नव्या धंद्याची नोंदही ओघाने समोर येते, आणि वर्गवारीचा खरा कस तेव्हाच लागतो.

ही सेवा २०१४ मध्ये ‘गूगल माय बिझनेस’ या नावाने सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. ती विनामूल्य आहे. प्रत्येक नोंदीला एक प्राथमिक वर्गवारी आणि तिच्या जोडीला जास्तीत जास्त नऊ अतिरिक्त वर्गवाऱ्या देता येतात. चौकटीत दोनचार अक्षरे टंकली की खाली यादी उघडते आणि त्या यादीतील नावच घ्यावे लागते. स्वतःच्या मनाने नवे नाव लिहिण्याची सोय नाही. नेमके नाव सापडले नाही तर त्यातल्या त्यात जवळचे, अधिक व्यापक नाव घ्यावे असे गूगलचे सांगणे आहे. नकाशावर दुकानाच्या नावाखाली गिऱ्हाइकाला दिसते ती प्राथमिक वर्गवारी. उरलेल्या शोधाच्या कामी येतात. स्थानिक शोधाचा क्रम विषयाशी असलेला संबंध, अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी या तीन गोष्टींवरून लागतो असे गूगल जाहीरपणे सांगते. यांपैकी अंतर आपल्या हाती नाही आणि प्रसिद्धी वर्षानुवर्षांच्या कामातून मिळते, त्यामुळे आज दुपारी बसून सुधारता येण्याजोगी गोष्ट उरते ती पहिलीच.

वर्गवारीवर आणखीही बरेच काही अवलंबून असते. खाद्यपदार्थांच्या व्यवसायांना मेनू जोडता येतो, आरोग्य आणि सौंदर्य क्षेत्रातील व्यवसायांना वेळ ठरवण्याचे बटण मिळू शकते, तर हॉटेलांच्या नोंदीत तारांकन आणि खोलीतील सुविधा यांचे रकाने येतात. आपल्याकडे मिसळ-भजी मिळणाऱ्या जागेलाही सर्रास हॉटेल म्हटले जाते, आणि त्यामुळे येथील अनेक भोजनालयांच्या मालकांनी पाटीवरचे ‘हॉटेल’ पाहून वर्गवारीतही तेच घेतलेले असते. परिणाम असा होतो, की जेवायला जागा शोधणाऱ्या माणसापर्यंत ती नोंद पोहोचत नाही आणि मुक्कामाची खोली शोधणारा प्रवासी मात्र फोन करत राहतो. दुकानाच्या नावात ‘हॉटेल’ असेल तर ते खुशाल राहू द्यावे, कारण नाव पाटीवर असेल तसेच लिहायचे असते. वर्गवारी मात्र उपाहारगृहाचीच घ्यावी.

गूगलच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये निवडीची एक कसोटी दिलेली आहे आणि ती मला अत्यंत उपयुक्त वाटते. ‘हा व्यवसाय अमुक आहे’ हे वाक्य ज्या वर्गवारीने पूर्ण होते ती घ्यावी. ‘या व्यवसायात अमुकही मिळते’ एवढेच जिच्याबद्दल म्हणता येते ती घेऊ नये. शिवाय वर्गवाऱ्या शक्य तितक्या कमी आणि शक्य तितक्या नेमक्या असाव्यात, आणि शोधशब्दांची भरती करण्यासाठी त्यांचा वापर करू नये, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. ही कसोटी वाचताना सोपी वाटते, पण ती लावायची तर मालकाशी बसून बोलावे लागते.

दांडिया बाजारातील एका पोळीभाजी केंद्राचे उदाहरण यासाठी जवळून पाहण्यासारखे आहे. गल्लीच्या तोंडाशी एक लहान खोली, पुढे काउंटर, मागे शेगडीपाशी पोळ्या लाटणाऱ्या दोघी, भिंतीवर त्या दिवसाच्या भाज्यांची खडूने लिहिलेली पाटी आणि कोपऱ्यात परत आलेल्या डब्यांची उतरंड, एवढाच तो पसारा. एका जाहिरात संस्थेने त्यांची नोंद करताना प्राथमिक वर्गवारी ‘रेस्टॉरंट’ ठेवली होती आणि मोकळ्या राहिलेल्या जागा केटरर, मिठाईचे दुकान, किराणा, बेकरी आणि समारंभ सभागृह अशा नावांनी भरून टाकल्या होत्या. मी चालक काकूंना विचारले, “काकू, इथे बसून कोणी जेवतं का?” त्या म्हणाल्या, “छे रे, बसायला जागा कुठंय? डबा घ्यायचा नि निघायचं.” मुंजी-बारशाची ऑर्डर त्या वर्षभर घेतात, त्यासाठी जास्तीची बाई लावतात, लाडू-चिवडा मात्र फक्त दिवाळीच्या आधी होतो. या उत्तरांतून यादी आपोआप ठरली. प्राथमिक वर्गवारी जेवण बांधून देणाऱ्या दुकानाची, अतिरिक्त वर्गवारी केटररची, आणि बाकी सर्व रद्द. दिवाळीच्या फराळासाठी मिठाईच्या दुकानाची वर्गवारी ठेवणे मला मान्य नव्हते, कारण उरलेल्या महिन्यांत पेढे घ्यायला आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जाणार आणि त्याची नाराजी अभिप्रायात उमटणार. फराळाची माहिती त्या त्या दिवसांत नोंदीवर पोस्ट टाकून देता येते, आणि त्याची खरी जागा तीच आहे.

या काकूंची मुलगी लेस्टरला राहते आणि घरच्या स्वयंपाकघरातून डबे पोचवते. पोळी तीच, उसळ तीच, शिकवणही आईचीच. तरीही आईची वर्गवारी मुलीला लावता येत नाही. बडोद्यात गिऱ्हाईक काउंटरवर येते, लेस्टरमध्ये कोणी तिच्या दारी येत नाही, म्हणून तेथे जेवण पोचवणाऱ्या सेवेची वर्गवारी योग्य ठरते. गिऱ्हाईक पत्त्यावर येत नसेल तर पत्ता लपवून सेवाक्षेत्र दाखवावे असा नियम आहे. अशी जास्तीत जास्त २० क्षेत्रे देता येतात आणि त्यांची हद्द मूळ ठिकाणापासून गाडीने साधारण दोन तासांच्या अंतरापलीकडे जाऊ नये अशी अपेक्षा असते. ब्रिटनमध्ये घरातून अन्न विकायचे असले तरी व्यवसाय सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते आणि इंग्लंडमध्ये तपासणीनंतर स्वच्छतेचे शून्य ते पाच असे गुणांकन मिळते. नकाशावरील नोंद आणि कौन्सिलकडील नोंद यांत व्यवसायाचे स्वरूप एकच दिसले पाहिजे, असा माझा आग्रह असतो.

आता देशागणिक यादी कशी बदलते ते पाहू. गूगलच्या यंत्रणेत प्रत्येक वर्गवारीला भाषेवर अवलंबून नसलेला एक अंतर्गत ओळखशब्द असतो आणि तिचे दिसणारे नाव देश व भाषा यांनुसार ठरते. म्हणूनच वर्गवाऱ्यांची यादी यंत्रणेकडून मागताना देशाचा आणि भाषेचा संकेत द्यावा लागतो. इंधनाच्या पंपाला अमेरिकेत ‘गॅस स्टेशन’ आणि ब्रिटनमध्ये ‘पेट्रोल स्टेशन’ म्हणतात, पण आतला ओळखशब्द एकच असल्यामुळे मालकाला वेगळे काही करावे लागत नाही. ही रचना अतिशय विचारपूर्वक केलेली आहे आणि तिला पूर्ण गुण द्यायला हवेत. खाद्यसंस्कृतीच्या बाबतीतही यादी चांगलीच संपन्न आहे. गुजराती, महाराष्ट्रीय, पंजाबी आणि दक्षिण भारतीय अशी स्वतंत्र उपाहारगृहे तिच्यात आहेत, त्यामुळे थालीपीठ आणि वरण-भात देणाऱ्याने नुसते ‘भारतीय’ म्हणवून घेण्याचे कारण उरत नाही. शेवउसळ ही तर बडोद्याची ओळख. तिच्या नावाची वर्गवारी शोधत बसण्यापेक्षा फास्ट फूडची वर्गवारी घ्यावी आणि शेवउसळ मेनूत ठळकपणे लिहावी.

अडचण येते ती नाव सारखे आणि वस्तू निराळी अशा ठिकाणी. मांडवीतील मिठाईवाल्याला स्वतःचे दुकान इंग्रजीत ‘स्वीट शॉप’ वाटते. ब्रिटनमध्ये त्याच शब्दांनी गोळ्या-चॉकलेटांचे दुकान समजले जाते आणि अमेरिकेत अशा दुकानाला ‘कँडी स्टोअर’ म्हणतात. लेस्टरमध्ये पेढे आणि बासुंदी विकणाऱ्याने भारतीय मिठाईच्या दुकानाची स्वतंत्र वर्गवारी घेणे हेच बरोबर, नाहीतर शाळकरी मुलांना घेऊन आलेल्या पालकांचा विरस होतो. स्पर्धापरीक्षांचे ‘कोचिंग’ घेणाऱ्यांचेही असेच आहे. अमेरिकेत त्या शब्दाने खेळाचा किंवा जीवनविषयक मार्गदर्शनाचा बोध होतो आणि विषयांच्या शिकवणीसाठी ‘ट्युटरिंग’ची वर्गवारी घ्यावी लागते.

मात्र ज्या व्यवसायांना परवाना लागतो तेथे चुकीच्या वर्गवारीची किंमत विरसापेक्षा बरीच मोठी असते, आणि या सेवेचा सर्वांत कच्चा भाग मला येथेच दिसतो. वर्गवारीची यादी परवाना विचारत नाही. बडोद्यातील सनदी लेखापाल ‘चार्टर्ड अकाउंटंट’ ही वर्गवारी हक्काने घेतो, कारण तो भारतीय सनदी लेखापाल संस्थेचा सभासद असतो. तोच न्यू जर्सीला जाऊन कार्यालय उघडतो तेव्हा ‘सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंट’ हे नाव यादीत त्याच्यासमोर येते आणि एका स्पर्शाने घेताही येते; परंतु अमेरिकेत हा परवाना प्रत्येक राज्याचे मंडळ देते आणि तो नसताना ते बिरुद लावणे कायद्याचा भंग ठरते. परवाना मिळेपर्यंत त्याने हिशेबलेखन किंवा करविवरणपत्र तयार करण्याच्या सेवेची वर्गवारी घ्यावी. ब्रिटनमध्ये नुसते ‘अकाउंटंट’ हे नाव कोणालाही लावता येते, ‘चार्टर्ड’ मात्र नाही.

नोटरीचे उदाहरण याहून बोलके आहे. भारतात १९५२ च्या कायद्याखाली नेमला जाणारा नोटरी बहुधा अनेक वर्षे वकिली केलेला माणूस असतो. अमेरिकेत नोटरी होण्यासाठी वकील असण्याची गरज नसते. सही करणाऱ्याची ओळख पटवणे आणि साक्षांकन करणे एवढेच त्याचे काम. फ्रान्समध्ये तर नोटरी हा मालमत्तेचे व्यवहार आणि वारसाहक्काची कागदपत्रे करणारा कायद्याचा अधिकारी असतो. तीन देशांत मिळून एकच वर्गवारी आहे आणि तिच्याकडून गिऱ्हाइकाच्या अपेक्षा तीन प्रकारच्या आहेत. बडोद्याचा नोटरी आपल्या नोंदीला वकिलाची वर्गवारी जोडतो ते योग्यच. त्याच्या न्यू जर्सीतील पुतण्याने ती जोडली तर नवागत स्थलांतरितांची घोर दिशाभूल होईल.

परदेशप्रवासाचे सल्लागार बडोद्यात जागोजागी आहेत आणि त्यांच्या बाबतीत मी सर्वाधिक काटेकोर असतो. कॅनडात मोबदला घेऊन स्थलांतराचा सल्ला देणाऱ्या सल्लागारांचे नियमन नोव्हेंबर २०२१ पासून ‘कॉलेज’ म्हणवली जाणारी तेथील वैधानिक नियामक संस्था करते. ब्रिटनमध्ये १९९९ च्या कायद्याखाली स्वतंत्र नियामक आहे. न्यूझीलंडचा २००७ चा कायदा तर देशाबाहेर बसून सल्ला देणाऱ्यांनाही लागू होतो. केवळ विद्यार्थी व्हिसापुरता सल्ला परदेशातून देणाऱ्यांना त्यातून सूट आहे. याचा अर्थ असा, की बडोद्याच्या अलकापुरीतील कार्यालयातून न्यूझीलंडच्या कामाच्या व्हिसाचा सल्ला देणाऱ्यालाही परवाना हवा. म्हणून विद्यापीठांचे प्रवेशच पाहणाऱ्या कार्यालयाने शैक्षणिक सल्लागाराची वर्गवारी घ्यावी आणि ‘इमिग्रेशन’ हा शब्द असलेली कोणतीही वर्गवारी घेण्याआधी संबंधित देशाच्या नियामकाच्या जाहीर नोंदवहीत आपले नाव आहे का ते पाहावे. स्थलांतर वकिलाची वर्गवारी वकील नसलेल्याने कोणत्याही देशात घेऊ नये, मग ती घेतल्याने फोन कितीही वाढत असोत. एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी त्या एका फोनवर अवलंबून असू शकते.

आयुर्वेदाची पदवी घेतलेल्या वैद्यांचा प्रश्न याच जातीचा आहे. भारतात ते नोंदणीकृत चिकित्सक असतात. अमेरिकेत कोणतेही राज्य आयुर्वेद चिकित्सकांना परवाना देत नाही. तेथे पर्यायी उपचारपद्धतीची वर्गवारी घेणे सुरक्षित आणि प्रामाणिकही.

तुलनेसाठी ओपनस्ट्रीटमॅप या लोकसहभागातून उभ्या राहिलेल्या नकाशाचा विचार करणे आवश्यक वाटते. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात बंदिस्त यादी नाही. प्रत्येक ठिकाणाला गुणधर्म आणि त्याचे मूल्य अशा जोड्या लावल्या जातात. जागेवर बसून जेवण्याची सोय नाही, केवळ शाकाहारी मिळते, नाव मराठीत असे आहे आणि गुजरातीत तसे आहे, हे सारे निरनिराळ्या जोड्यांनी नेमके सांगता येते. त्याहून मोलाची गोष्ट अशी, की बहुतेक प्रचलित जोड्यांची सविस्तर व्याख्या त्यांच्या विकीवर लिहिलेली असते. औषधांच्या दुकानाचे पाहा. आपल्याकडे पाटीवर ‘केमिस्ट’ लिहिलेले असते आणि नवखा माणूस नकाशावर ‘शॉप’च्या पुढे ‘केमिस्ट’ असे मूल्य लावून मोकळा होतो. व्याख्येप्रमाणे ते मूल्य साबण, सौंदर्यप्रसाधने आणि घरगुती स्वच्छतेच्या वस्तू विकणाऱ्या, म्हणजे जर्मनीतील ‘ड्रोगेरी’सारख्या दुकानासाठी आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध देणाऱ्या दुकानाला ‘अमेनिटी’च्या पुढे ‘फार्मसी’ लावावे लागते. जर्मनीत तर हा भेद रोजच्या जगण्यातला आहे, कारण साध्या वेदनाशामक गोळ्याही तेथे ‘अपोथेके’त, म्हणजे फार्मसीतच, मिळतात.

गूगलच्या यादीत अशा व्याख्या नाहीत. नाव समोर येते, त्या नावाखाली कोणता व्यवसाय येतो आणि कोणता येत नाही हे मात्र सांगितलेले नसते, आणि ज्या दुकानदाराची इंग्रजी बेताची आहे तो पाटीशी जुळणारा शब्द उचलतो. प्रत्येक वर्गवारीखाली दोन ओळींचे स्पष्टीकरण, शक्य तर मराठी आणि गुजरातीतही, आणि परवाना लागणाऱ्या व्यवसायांपुढे त्या देशाच्या नियामकाचा उल्लेख, एवढे मिळाले तर लाखो नोंदी आपोआप सुधारतील. ते नाही म्हणून या सोयीला मी पाचपैकी साडेतीन गुण देतो. ओपनस्ट्रीटमॅपला व्याख्यांसाठी पूर्ण गुण आहेत, पण ती समजून घ्यायला लागणारा वेळ पोळ्या लाटणाऱ्या माणसाकडे नसतो, हेही तितकेच खरे आहे. ॲपलची ‘बिझनेस कनेक्ट’ ही सेवा जानेवारी २०२३ मध्ये आली. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात आयफोन वापरणारे पुष्कळ असल्याने तेथील शाखांसाठी ती नोंदही करावी, आणि गूगलवर ठरवलेली वर्गवारी तेथे डोळे झाकून न उतरवता त्यांच्या यादीत पुन्हा शोधावी.

वर्गवारी बदलायची वेळही विचारपूर्वक ठरवावी लागते. एखादी वर्गवारी जोडल्यावर किंवा बदलल्यावर गूगल व्यवसायाची पडताळणी पुन्हा मागू शकते, म्हणून दिवाळीच्या किंवा नवरात्राच्या तोंडावर, गिऱ्हाइकांची सर्वाधिक गर्दी असते त्या आठवड्यात, या चौकटीला हात लावू नये. नकाशावर कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो आणि गूगल स्वतःही संकेतस्थळावरील किंवा इतरत्र मिळालेल्या माहितीवरून नोंदीत बदल करू शकते, तेव्हा मालकाने अधूनमधून गिऱ्हाइकाच्या नजरेने, म्हणजे मालकाच्या खात्यातून बाहेर पडून, आपल्या नावाखाली काय लिहून येते ते पाहावे. परदेशातील शाखेचे नाव तपासताना नकाशाची भाषा त्या देशातील गिऱ्हाइकाची ठेवावी. काकूंची मुलगी तिची नोंद पाहते तेव्हा भाषा ब्रिटिश इंग्रजीवर ठेवते, आणि मग त्याच नोंदीचा एक फोटो आईला पाठवते, जेणेकरून बडोद्याच्या काउंटरवर कोणी लेस्टरचा पत्ता विचारला तर दाखवता यावा.